निर्माल्यातल्या गोळ्या

श्यामसुंदर देवस्थळींनी उभा जन्म बँकेच्या शाखा तपासण्यात घालवला. तपासणीच्या आदल्या दिवशी धावपळ करून टापटीप दाखवणाऱ्या मॅनेजरांची ते घरी येऊन यथेच्छ टिंगल करत. निवृत्तीनंतर ते कोलकात्यातच राहिले. पुढे रक्तदाबाच्या एका संशोधनात नाव लागलं, तेव्हा मात्र गृहस्थाने त्याच मॅनेजरांचा कित्ता गिरवला.

दाब कायम आटोक्यात ठेवला तर किडनी आणि हृदय किती वाचतं, हे इस्पितळातल्या डॉक्टरांना पाहायचं होतं. गोळ्या फुकट, फक्त रोज घ्यायच्या आणि रिकामी पाकिटं परत आणून दाखवायची. पण त्या गोळ्यांनी सारखी लघवीला लागायची, आणि देवस्थळींना तर उठसूट बोटीने हावड्याला मित्रांकडे जायचं असे. मग तपासणी जवळ आली की ते आळणी जेवत, गोळ्या वेळेवर घेत, आणि आकडा झकास येई. एरवी ताटात लोणचं-पापड, आणि गोळ्यांना सुट्टी.

न घेतलेल्या गोळ्या कुठे जातात, ते त्यांच्या पत्नीला, कालिंदीबाईंना, निर्माल्याच्या पिशवीत कळलं. झेंडूखाली गोळ्याच गोळ्या! दर शनिवारी ती पिशवी देवस्थळी बोटीतून हुगळीत सोडत. केवढी ती भक्ती!

"अहो, हे काय?"

"चकार शब्द काढू नकोस कुणाकडे. मला काही होतंय का?"

होत होतं. सकाळी डोळ्यांखाली सूज, संध्याकाळी पायांवर मोज्यांचे खोल वळ. कालिंदीबाईंनी धसकाच घेतला. पण बाहेरच्यांपुढे नवऱ्याचं उणं काढायचं नाही, हे अंगात मुरलेलं. संशोधनातल्या डॉक्टर लीना सेन त्यांना बंगाली रीतीने माशीमा, म्हणजे मावशी, म्हणत. त्या बुचकळ्यात पडून म्हणाल्या, "दाब उत्तम आहे, तरी किडनी खालावतेय, माशीमा. औषध पुरत नसावं." त्यांनी डोस वाढवला. कालिंदीबाईंनी तोंड उघडलं. देवस्थळींनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांनी ते मिटलं.

पुढच्या तपासणीचं रक्त देऊन आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी शनिवार होता. देवस्थळींचा पाय चपलेत जाईना. बसल्या जागी धाप लागत होती.

"आज तू सोडून ये," म्हणत त्यांनी पिशवी पुढे केली.

आणि बाई गेल्या! दार लावायला नवऱ्याला उठावं लागू नये म्हणून बाहेरून कुलूप घालून गेल्या.

बोट नदीच्या मध्यावर आली. पिशवी पाण्यात पडली, आणि फोन वाजला.

"माशीमा, रिपोर्ट फार वाईट आहे," लीना सेन म्हणाल्या. "पोटॅशियम इतकं वाढलंय की हृदय कधीही थांबेल. खरं सांगा, ते गोळ्या घेतात?"

"नाही," कालिंदीबाई म्हणाल्या. इतके महिने अडलेला शब्द किती सहज निघाला. "तपासणीपुरत्याच घेतात."

"मी अँब्युलन्स पाठवते. दार उघडायला सांगा त्यांना."

किल्ली कालिंदीबाईंच्या मुठीत होती, आणि बोट हावड्याला लागल्याशिवाय परत फिरणार नव्हती.