खोगिराला हात

रेसकोर्सवर जॉकींची वजनं करणाऱ्या काटेवाल्याचं तसं कोणाशीच धड पटत नसे, पण सख्ख्या थोरल्या भावाला तो जितका पाण्यात पाहायचा तितकं दुसऱ्या कोणालाच नाही. रेसकोर्सच्या तबेल्यामागे दोघांच्या खोल्या एकाच भिंतीला लागून होत्या. थोरला खोकला की हा रेडिओ मोठा करायचा. नळावर गाठ पडली तर अर्धी भरलेली बादली तशीच टाकून परत फिरायचा. अगदीच अडलं तर वहिनीला म्हणायचा, "तुमच्या नवऱ्याला सांगा, माझ्या दारात सायकल लावू नका म्हणावं." नवरा तिथेच बसलेला असायचा.

या वैराचं मूळ मोठ्या शर्यतीत होतं. तीन वर्षांच्या जातिवंत घोड्यांची ही सपाट धावेची शर्यत वर्षातून एकदाच होते, आणि तिचा जन्मच मुळी भांडणातून झाला. दोन गडगंज साडू, घोडी कोणाची सरस यावरून त्यांनी एकमेकांच्या घरी जाणं सोडलं, आणि शेवटी माळावर दोऱ्या बांधून सोक्षमोक्ष लावला. हरलेल्याला ते सहन होईना. त्याने पुढच्या वर्षी पुन्हा बोलावलं, त्यात इतरांनीही आपले घोडे घुसवले. तेव्हा निशाण पाडून घोडे सोडत, मग फीत आली, मग लोखंडी दारं. एका वर्षी असं धुकं पडलं की जिंकलं कोण यावरून मालकांमालकांत मारामारी झाली.

आणि लबाड्या तर विचारूच नका. हलक्या जॉकीचं खोगिरासकट वजन ठरल्याइतकं भरावं म्हणून खोगिरात शिशाच्या पट्ट्या घालतात. काही पठ्ठे पट्ट्यांशिवायच पळवत, आणि शर्यतीनंतर पुन्हा काट्यावर चढण्याआधी घोड्याची निगा राखणारा मोतद्दार खोगीर धरायला म्हणून घेई आणि गुपचूप त्यात शिसं सरकवी. ते उघडकीला आलं आणि नियम झाला. वजन होईपर्यंत खोगिराला जॉकीखेरीज कोणाचाही स्पर्श झाला, तर घोडा बाद.

काटेवाला तेव्हा जॉकी होता आणि थोरला त्याच तबेल्यात मोतद्दार. धाकट्याने मोठी शर्यत जेमतेम एका मानेच्या फरकाने जिंकली. घोडीवरून उतरला तेव्हा पाय लटलट कापत होते. खोगीर सोडवून तो वजनखोलीकडे निघाला, तोच थोरला धावत आला आणि लहानपणी शाळेतून येताना दप्तर घ्यायचा तसं त्याने ते खोगीर आपल्याकडे घेतलं. मायेनेच घेतलं. घोडी बाद झाली.

थोरला रडत माफी मागायला आला तेव्हा धाकटा म्हणाला, "आधी ते हात तोडून टाक. मग माझ्याशी बोल."

तशी घोडी पुन्हा त्याच्या वाट्याला आली नाही. पुढे गुडघा गेला, आणि क्लबने मेहेरबानी म्हणून त्याला वजनखोलीत काट्यावर बसवलं. मेहेरबानी कसली, जखमेवर मीठ. दरवर्षी मोठ्या शर्यतीआधी निवेदक भोंग्यावर शर्यतीचा इतिहास सांगतो. आधी साडू, मग धुकं, मग "एक गमतीदार प्रसंग". लोक पोट धरून हसतात. काटेवाला तेवढा वेळ काट्याची काच पुसत बसतो.

यंदा मोठ्या शर्यतीत थोरल्याची मुलगी उतरणार होती. सकाळी ती वजनखोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"काका, काही सांगाल मला?"

"बूट पुसून काट्यावर चढ."

पोरगी बूट पुसायला गेली. काटेवाल्याचं तिच्याशी वाकडं नव्हतं. पण तिने जिंकावं, आणि थोरल्याने पुन्हा एकदा मूर्खासारखा हात लावावा, अशी त्याची मनापासून इच्छा होती. पोटच्या पोरीने आयुष्यभर तोंड फिरवलं की कसं वाटतं, ते त्याला एकदा कळायला हवं होतं. इच्छा काही शोभेची नव्हती, हे त्यालाही ठाऊक होतं.

दुपारी थोरला वजनखोलीच्या दारासमोर, घोडे परत येतात त्या जागी येऊन उभा राहिला. खांद्यांवर लांब कोट टाकलेला, दोन्ही हात पाठीमागे. घोडीसुद्धा दुसऱ्याच मोतद्दाराकडे दिलेली. खुद्द मालक त्याच्यापुढे गडी वाटावेत. दारात उभ्या काटेवाल्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

पोरगी जिंकली. घोडी फेसाने पांढरी झाली होती, आणि पोरीच्या अंगात उभं राहण्याचंही त्राण नव्हतं. तिने पट्टा सोडला, खोगीर ओढलं, आणि ते निसटून सरळ थोरल्याच्या पायाशी पडलं. पट्टा त्याच्या बुटावर आडवा झाला.

"बाबा," ती म्हणाली. रडकुंडीला आली होती.

थोरला जागचा हलला नाही. वाकला नाही, हात पुढे केला नाही. पोरीने कसंबसं खोगीर गोळा केलं आणि धडपडत काट्यावर येऊन बसली. वजन बरोबर भरलं.

आत बसलेल्या पंचांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "दारावर तुम्ही होतात. सामानाला कोणाचा स्पर्श?"

नियमात हात असा शब्द नाही, स्पर्श असा आहे. बूट हाही स्पर्शच. काटेवाल्याइतकं हे कोणाला ठाऊक असणार? इतकी वर्षं घोकलेलं उत्तर त्याच्या जिभेवर आलं होतं. पोरगी त्याच्याकडे बघत होती, आणि तिचे पाय लटलट कापत होते.

"कोणाचा हात लागला नाही," तो म्हणाला.

पंचांनी सही केली. थोरला अजून दारासमोरच होता, तसाच, हात मागे घेऊन. काटेवाला तरातरा त्याच्यासमोर गेला.

"आता घे की ते. पोरगी मरायला टेकलीय आणि तू साहेबासारखा उभा."

"येत नाहीत," थोरला म्हणाला.

"काय येत नाहीत?"

थोरला पाठमोरा झाला. काटेवाल्याने कोट बाजूला सारला. खाली थोरल्याची दोन्ही मनगटं घोड्याच्या दोरीने करकचून बांधलेली होती. बोटं निळी पडली होती.

"कोणी बांधलं हे?"

"तुझ्या वहिनीने. मीच सांगितलं." थोरला पाठमोराच बोलत होता. "तू तोडायला सांगितले होतेस. तेवढा धीर झाला नाही."

काटेवाल्याला इतक्या वर्षांत आला नव्हता इतका राग आला. कोणाचा, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. दुखरा गुडघा टेकून तो खाली बसला आणि गाठीशी झटू लागला.

"तुझ्या बायकोला गाठसुद्धा धड मारता येत नाही," तो म्हणाला.

गाठ सुटेना. बाहेर भोंग्यावर निवेदक पोरीचं नाव पुकारत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते. शेवटी त्याने ती दातांनी सोडवली. मग पुतणीच्या मांडीवरचं खोगीर उचललं, आणि थोरल्याच्या बधिर हातांवर ठेवलं.

"धर," तो म्हणाला. "पाडू नकोस."