चुकांच्या फळ्यावर आज माझं नाव

मंडळी, आज सकाळी मी मोठा घोळ घातला. चाचणीसाठी लिहिलेला "काही झालेलं नाही, झोपा आता" हा मेसेज एका दवाखान्याच्या सगळ्या पेशंटना गेला!

घाबरत शिरीन मॅडमकडे गेलो. आमच्या धायरीतल्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीच्या त्या मालकीण. म्हणाल्या, "अहो, आधी चहा घ्या. मग दोघं मिळून दवाखान्याची माफी मागू, आणि तुम्ही फळ्यावर लिहून टाका."

आमच्याकडे ज्याची चूक त्यानेच फळ्यावर लिहायची. सगळ्यात वर मॅडमची आहे. मी लिहिली, तर टाळ्या पडल्या.

माझ्या दुप्पट पगार घेणारा मित्र संध्याकाळी म्हणाला, "सोड रे ती कंपनी."

मी विचारलं, "तुझ्या हातून चूक झाली की काय करतोस?"

"लपवतो."

पगार कमीच आहे, राव. पण तुम्ही शेवटची चूक ऑफिसात कुणाला सांगितलीत?