चारही चाकं पाणंदीत

लातूरच्या बसस्थानकावर नांदेडची एसटी लागली. माझी धाकटी जाऊ शोभा खिडकीची जागा धरून मला म्हणाली, "अक्का, गाडी आणायला एसटीनं जाऊन राहिलोत. गाडी नीट झाली नसली तर यायला बी एसटीच हाय."

"झाली नसली तर होईपर्यंत तिथंच बसेन," मी म्हटलं.

हा हट्ट कशासाठी ते आधी सांगते. भूकंपानंतर औशापलीकडचं आमचं गाव वर माळावर वसवलं. माणसं वर आली. शेतं, विहिरी आणि म्हशींचे गोठे खाली जुन्या गावापाशीच राहिले. मधे पाणंद (दोन्हीकडे बांध असलेली शेतवाट). उन्हाळ्यात तिच्यावरून माझी जुनी हॅचबॅक दुधाचे कॅन घेऊन सुखाने जाते. पावसाळ्यात तिथल्या काळ्या मातीनं चाक एकदा धरलं की ती सोडत नाही, आणि कॅन डोक्यावरून वर आणेपर्यंत लातूरची वेळ टळते. आमचं दूध तिथं शिकवणीच्या मुलांच्या एका खाणावळीत जातं. खाणावळीच्या मावशींनी यंदा तोंडावर सांगितलं होतं, "पावसाची सबब एकदा जरी आली, तर मी पिशवीचं दूध सुरू करीन." मावशी बोलतात ते करतात. ती खाणावळ सुटली की म्हशी विकायच्या, दुसरा मार्ग नव्हता.

म्हणून मी गाडी नांदेडच्या अजीज उस्तादांकडे सोडली होती. गाडी येईपर्यंतची सवलत तेवढी मावशींनी दिली होती. भंगारात निघालेल्या जीपचं इंजिन आणि चारही चाकांना ओढ देणारी सगळी यंत्रणा ते छोट्या गाड्यांत बसवतात. शोभाचा नवरा, म्हणजे माझा दीर, म्हणाला होता, "वैनी, म्हशीला घोड्याचे पाय लावायला निघाल्या का?" त्याला उत्तर गाडीनंच द्यावं, असं मी ठरवलं होतं.

अहमदपूरला एसटी थांबली तेव्हा आम्ही सुशीला (भिजवलेले चुरमुरे फोडणीला टाकून करतात तो पदार्थ) खाल्ली. पुढे लोह्यापर्यंत दोन्ही बाजूंना सोयाबीन नुसतं डोलत होतं. शोभा झोपली. मला झोप कुठली!

देगलूर नाक्याच्या पुढे उस्तादांचं वर्कशॉप. आमची गाडी दारातच उभी होती आणि क्षणभर मला ती ओळखू येईना. वीतभर उंच झाली होती. मोठ्या इंजिनावर बॉनेट बसेना म्हणून मधोमध पत्र्याचा उंचवटा ठोकून काढला होता. खालचा पत्रा कापून जीपचा गिअरबॉक्स बसवला होता, आणि त्याच्यातून मागच्या-पुढच्या चाकांकडे दोन फिरते दांडे गेले होते. आरटीओच्या मंजुरीला तर गाडीपेक्षा जास्त दिवस लागले, असं उस्ताद सांगत होते.

"देख बेटी," ते गिअरशेजारच्या दुसऱ्या लिवरवर हात ठेवून म्हणाले, "ये लिवर सिर्फ चिखलात. डामरवर दोच चाकं चालू दे. डामरवर चारी लावले तो अंदरके दांडे एकमेकाशी भांडतेत."

मी मान डोलावली. मग त्यांनी मागच्या पडीक जागेतल्या चिखलात मला गाडी घालायला लावली. चारही चाकांनी चिखल धरला आणि गाडी डुलत डुलत पलीकडे निघाली, तेव्हा मला इतका आनंद झाला की मी उतरून उस्तादांच्या पाया पडले. ते बिचारे गडबडले. त्यांच्या घरून जेवायला तहरी (मसाल्याचा पिवळा भात) आली. आम्हाला श्रावण आहे हे त्यांनी फोनवरच विचारून घेतलं होतं, त्यामुळे भातात नुसता बटाटा होता.

परतीला लोह्याच्या पुढे एका ट्रकवाल्याने माझ्या फुगलेल्या बॉनेटकडे बघून दात काढले. माझं डोकं फिरलं. चारही चाकांचा लिवर ओढला आणि त्याच्या पुढे काढली गाडी. मग लिवर तसाच राहिला. अहमदपूरच्या पंपावर वळवायला गेले, तर स्टिअरिंग दगडासारखं जड आणि गाडी उड्या मारायला लागली. लिवर निघता निघेना. उस्तादांना फोन लावला.

"डामरवर घातला ना?" ते म्हणाले. "हौ, मालूम था. थोडी पीछे ले, सुटतंय."

गाडी थोडी मागे घेतली, तसा लिवर खट्दिशी सुटला. शोभा पोट धरून हसत होती. "अक्का, उस्ताद तुमाला चांगलं वळखून हायेत."

लातूरला दिवे लागले होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना शिकवण्यांच्या फलकांवर पोरांचे हसरे चेहरे, आणि त्याखालून पाठीवर दप्तरं घेतलेली, अजिबात न हसणारी पोरं चाललेली. खाणावळीत थांबलो, तेव्हा मावशींनी आम्हाला निलंगा राईस (गाड्यावर मिळणारा फोडणीचा गरम भात) मागवून दिला, पण गाडीकडे ढुंकून पाहिलं नाही. "गाडी कशी का असंना. सकाळी पोरं क्लासला निघायच्या आधी दूध पायजे."

आम्ही गावी पोचलो आणि रात्रभर पाऊस पडला. उजाडताच मी शोभाला घेऊन पाणंदीच्या तोंडाशी उभी. लिवर ओढला आणि घातली गाडी. ती घसरली, डुलली, पण थांबली नाही. गोठ्यापाशी पोचले तेव्हा मी मोठ्यानं ओरडले, म्हशी दचकल्या. कॅन भरले, परत फिरलो.

निम्म्या वाटेवर आमच्या गावच्या चंद्रकलाकाकू चिखलात गुडघ्यापर्यंत रुतलेल्या दिसल्या, डोक्यावर गवताचा भारा. त्या रुतल्या होत्या ते माझ्याच चाकोरीत. पावसाळ्यात पाणंदीत कुणी बैलगाडीसुद्धा घालत नाही, ती चालणाऱ्यांना राखून ठेवायची, ही आमच्याकडची जुनी रीत. मला ती आठवलीच नव्हती. मधल्या घट्ट पायवाटेचा मी लगदा करून ठेवला होता.

थांबले तर गाडी रुतायची, लातूरची वेळ टळायची. तरी थांबले. मी आणि शोभानं काकूंना ओढून काढलं. आता शिव्या बसणार म्हणून मी खाली मान घातली.

काकूंनी भारा गाडीच्या टपावर टाकला, पुढचं दार उघडलं आणि चिखलाच्या पायांनी आत बसल्या.

"वाट तू मोडलीस," त्या म्हणाल्या. "आता पावसाळा सरंपस्तोर आमाला न्यायचं-आणायचं तुझ्याकडं. चल."

मला राग आला, खोटं कशाला बोलू? गाडी माझी, हट्ट माझा, आणि मधेच हे ओझं. पण त्यांचं एक अक्षरही चुकलेलं नव्हतं. पहिल्या फटक्यात गाडी जागची हलली नाही. चाक बांधाकडे वळवून दुसऱ्यांदा जोर दिला, तेव्हा निघाली. काकूंना गावात उतरवून लातूरला पोचलो तेव्हा पोरं दप्तरं घेऊन जिन्यात उभी होती. मावशींनी दूध मापून घेतलं आणि उद्या थोडं जास्त आण म्हणाल्या.

म्हशी राहिल्या. मी गाडी आणायला गेले ती माझ्या दुधासाठी. गावात शिरली ती सगळ्या पाणंदीची होऊन. आता सकाळी दूध, दुपारी बायकांचे भारे. चंद्रकलाकाकू पुढच्या सीटवर बसतात आणि चाक कुठून घालायचं ते मला सांगतात.