शिट्टीचोरीचा तपास

खून, दरोडे, फसवणूक, सगळं बघून झालं नोकरीत. त्यातलं निम्मं विसरलोही. पण जेवायला बसलो आणि शेजारच्या घरात कुकर वाजला की ती केस हटकून आठवते आणि घास हातात धरून मी एकटाच हसतो. बायको म्हणते, "झालं का सुरू?"

नावं कुणाचीच सांगत नाही. माणसं अजून त्याच गल्लीत राहतात आणि सुखात आहेत.

मी तेव्हा हैदराबादच्या मलकपेठ भागातल्या एका ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. निवृत्ती तोंडावर आली होती. सकाळची हजेरी झाली, गस्तीवाल्यांनी रात्रीचा अहवाल दिला, चहा आला आणि चहाच्या मागोमाग वकीलसाहेब आले. जुन्या हैदराबादी मराठी घराण्यातले गृहस्थ, वकिली करून निवृत्त झालेले. गल्लीत त्यांच्या मालकीची तीन मजली इमारत होती. पहिल्या मजल्यावर स्वतः राहायचे, बाकीची घरं भाड्याने दिलेली.

"इन्स्पेक्टरसाहेब, आमच्या बिल्डिंगीत चोऱ्या होतायत. बायामाणसं परेशान झालीत."

"काय काय गेलं?"

वकीलसाहेबांनी घसा साफ केला. "शिट्ट्या."

माझा हेड कॉन्स्टेबल तेलुगू, पण त्याला मराठी उत्तम कळायची. लिहिता लिहिता तो थांबला. "कसल्या, सार? आमच्यासारख्या?"

"अहो, कुकरच्या! झाकण जागेवर, कुकर जागेवर, शिट्टी गायब. नवी आणली की तीही जाते. आमच्या घरी रोज रात्री खिचडीवर भागवतोय, तीही पातेल्यातली."

आता अशा वेळी हसायचं नाही, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत, पण यायला लागतं. मी गंभीर चेहऱ्याने कागद पुढे ओढला. वकीलसाहेबांनी मात्र पुढचं वाक्य बोलून माझं हसू पार घालवलं.

"चोर कोण तेही सांगतो. दुसऱ्या मजल्यावर दिवाळीनंतर एक बाई राहायला आल्या. शाळेत शिकवतात, यजमान नोकरीला परगावी. त्यांची पंधरा वर्षांची मुलगी आहे. जरा... तशी आहे. आमच्या घरातूनच तिला मागच्या गॅलरीत कुकरचं झाकण हातात धरलेलं बघितलंय. ते आले आणि चोऱ्या सुरू झाल्या. त्यांचा भाडेकरार संपत आलाय. मुलगी चोर ठरली तर करार पुन्हा करायचा नाही, असं बिल्डिंगीने ठरवलंय. तुम्ही फक्त तिच्याकडून कबूल करून घ्या."

म्हणजे गुन्हा शिट्ट्यांचा होता, पण जाणार होतं घर.

मुलगी अल्पवयीन. तिला ठाण्यात बोलवायचा प्रश्नच नव्हता. मी साधे कपडे घातले, हेड कॉन्स्टेबललाही तेच सांगितलं आणि संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. आईने दार उघडलं. मी कोण ते ऐकल्यावर तिने आधी दाराची चौकट धरली.

"या साहेब," ती म्हणाली. "मला वाटलंच होतं कुणीतरी येणार. आतापर्यंत दोन घरं सोडली आम्ही. एकीकडे ही रात्री येरझाऱ्या घालते म्हणून, दुसरीकडे लिफ्टची बटणं दाबते म्हणून. इथे कुठे जरा बसायला लागली होती हो! तिची शाळा दोन गल्ल्या सोडून आहे. आता एकटी जाते, एकटी येते. हे शिकवायला मला किती दिवस लागले ते माझं मलाच माहीत. हे घर गेलं तर पुन्हा पहिल्यापासून."

"तिला नेमकं काय आहे, ताई?"

"ऑटिझम. मराठीत स्वमग्नता म्हणतात. पण ती कुठली स्वतःत मग्न, साहेब? सगळ्या बिल्डिंगीचं ऐकू येतं तिला. आपण नको ते आवाज सोडून देतो, तिला सोडता येत नाहीत."

हे वाक्य मी तेव्हाच नीट ऐकायला हवं होतं. पण मी चौकशीच्या नादात होतो.

मुलगी खिडकीजवळ बसून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. मी नेहमीच्या पद्धतीने सुरू केलं: नाव काय, शाळेतून कधी येतेस, दुपारी कुठे असतेस, गॅलरीत कशाला गेली होतीस, झाकण कुणाचं होतं. ती पुढेमागे डुलायला लागली. आईने मला हाताने थांबवलं. "एका वेळी एकच विचारा. आणि विचारलं की थांबा. तिला वेळ लागतो. ती तुमच्याकडे बघणार नाही, पण ऐकते."

मी एकच विचारलं. "बाळ, तू लोकांच्या शिट्ट्या चोरल्यास का?"

बराच वेळ गेला. मग ती ओढणीकडे बघत स्पष्ट म्हणाली, "नाही."

आमच्या धंद्यात नजर चुकवणारा खोटारडा, असं धरून चालतात. पण खोटं बोलणाऱ्याचा आवाज मी आयुष्यभर ऐकला होता. हा त्यातला नव्हता. खाली उतरताना हेड कॉन्स्टेबल म्हणाला, "सार, पोरगी खरं बोलते."

"मलाही तेच वाटतं. मग शिट्ट्या गेल्या कुठे?"

मग आम्ही खरोखरचा तपास केला. भंगारवाले बघितले, जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणी गाठल्या. कोपऱ्यावर एक कुकर दुरुस्तीवाला बसायचा. बिल्डिंगीतल्या सगळ्या बाया नव्या शिट्ट्या त्याच्याकडूनच घ्यायच्या, म्हणजे फायदा त्याचाच. त्याला दरडावून विचारलं, तर तो कपाळाला हात लावून म्हणाला, "अजी साब, सीट्याँ चुरा को मैं क्या महल बांधूंगा? दो सीट्याँ बेचे तो एक इरानी चाय नै आती!" हेड कॉन्स्टेबल तोंड फिरवून हसायला लागला. चौकशी तिथेच आटोपली.

इकडे वकीलसाहेबांचे रोज फोन. "काय झालं? कबूल केलं का? करार संपतोय हो."

एके सकाळी मी पुन्हा त्या घरी गेलो. खरं तर आईला सांगायला गेलो होतो की हाताला काही लागत नाही आणि वकीलसाहेब थांबायला तयार नाहीत. आईची शाळेला जायची घाई. तिने वरणभाताचा कुकर चढवला, मला चहा दिला आणि म्हणाली, "बसा साहेब, मी पटकन आवरून येते. गॅसकडे ती बघते."

मुलगी ओट्यापुढे उभी राहिली. ताठ. ड्यूटीवरचा शिपाई इतका ताठ उभा राहिलेला मी क्वचितच बघितला. त्यांचा कुकर वाजला. "एक," ती मोठ्याने म्हणाली. तेवढ्यात खालच्या मजल्यावरून कुणाची तरी नवीकोरी शिट्टी कर्कश वाजली. मुलीने दोन्ही कान दाबले. "दोन? दोन नाही. दोन?" तिचा चेहरा रडवेला झाला. पुन्हा खालून वाजली. तिने हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला आणि गॅस बंद करून स्वतःच्या मनगटाला कडकडून चावली.

आई धावत आली. तिचा हात सोडवला, पाठीवर जोरात थोपटलं. "आपली नव्हती गं ती. काही बिघडत नाही. कच्चं राहिलं तर पुन्हा लावू."

मग मला म्हणाली, "हे काम तिचं आहे, साहेब. 'तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर' एवढंच मी शिकवलंय. आधीच्या घरी कधी चुकली नाही, कारण तिथे शेजारचं काही ऐकू यायचं नाही. इथे प्रत्येक मजल्यावरची स्वयंपाकघरं जिन्याला लागून असलेल्या मागच्या गॅलरीवर उघडतात, वरखालचं सगळं ऐकू येतं. कुणाची शिट्टी कुणाची ते कळत नाही. डाळ कच्ची राहिली की दिवसभर जीव घाबरा होतो तिचा. मधे काही दिवस छान चाललं होतं, आता पुन्हा..."

मधे काही दिवस छान चाललं होतं! अरे देवा! मी कप खाली ठेवला. मधले ते दिवस म्हणजे बिल्डिंगीत कुणाकडेच शिट्टी नव्हती ते दिवस.

ती शांत होईपर्यंत मी थांबलो. मग एकच सरळ प्रश्न विचारला. "बाळ, लोकांच्या शिट्ट्या कुठे आहेत?"

"ज्याची त्याच्या पेटीत."

"कुठल्या पेटीत?"

"टपालाच्या."

आम्ही जिन्याखाली गेलो. तिथे ओळीने लाकडी टपालपेट्या, त्यावर घरांचे नंबर. आजकाल टपाल येतं कुणाला? किल्ल्या कुणाला सापडेनात, शेवटी हेड कॉन्स्टेबलने पेचकस आणला. वकीलसाहेबांची पेटी उघडली आणि त्यांच्या पायांवर शिट्ट्यांचा सडा पडला. जुन्या, नव्या, सगळ्या त्यांच्याच. बाकीच्या पेट्यांतही तसंच. एकीची दुसरीत गेलेली नव्हती. बायांनी भांडी घासून गॅलरीत पालथी घातली की ही पोर शिट्टी काढायची आणि खाली नेऊन मालकाच्याच पेटीत टाकायची. ज्याची वस्तू त्याच्याच ताब्यात. ती चोरी नव्हतीच, त्यामुळे तिचं "नाही" शंभर टक्के खरं होतं. प्रश्न आमचा चुकला होता.

तोवर सगळी बिल्डिंग जिन्यात जमली होती. मी सगळं समजावून सांगितलं. बायका एकमेकींकडे बघून हसू दाबत होत्या. वकीलसाहेबांनी मात्र हसू येऊ दिलं नाही. ते मुलीपुढे उभे राहिले.

"झालं ते झालं. बेटा, मला एवढंच सांग. पुन्हा कुणाची शिट्टी काढशील का?"

आईचे हात एकमेकांत घट्ट रुतले. एक "नाही" आलं असतं की प्रकरण तिथेच मिटलं असतं. मुलीने तिचा वेळ घेतला आणि म्हणाली, "हो."

आईने डोळे मिटले. खोटं बोल गं एकदा, असं एका पोलिसाच्या मनात आलं, हे कबूल करतो. पण थांबायला मी आता शिकलो होतो. मी विचारलं, "केव्हा काढशील?"

"आवाज मिसळले की."

"आणि नाही मिसळले तर?"

"मग कशाला?" तिने असं म्हटलं की जणू मीच जरा तसा आहे.

पहिली हसली ती वकीलसाहेबांची पत्नी, आमची खरी फिर्यादी. "अगोबाई! मग एवढं काय मोठं? हिचा कुकर चढला की आपण लावायचा नाही. आपले नंतर. कुणाला घाई आहे? तुम्हाला कोर्टात जायचंय का आता?" हा शेवटचा प्रश्न यजमानांना होता. बाकीच्या बायकाही बोलायला लागल्या. कुणी म्हणालं, आमचा पहाटेच होतो, कुणी म्हणालं, आम्ही इडलीवाले, सकाळी लागतोच कशाला. हैदराबादेत सकाळी बरीचशी घरं इडलीची असतात हे किती बरं!

वकीलसाहेब बराच वेळ हातातली शिट्टी फिरवत उभे होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "घर जाणार हे माहीत असून हो म्हणाली. उभ्या वकिलीत मला असा साक्षीदार मिळाला नाही, इन्स्पेक्टरसाहेब." आणि त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, लपवत नाही.

फिर्याद त्यांनी मागे घेतली. मी स्टेशन डायरीत नोंद केली की वस्तू मूळ मालकांच्या ताब्यात मिळून आल्या, गुन्हा घडलेला नाही.

नव्या पोलिसांना मी पुढे हे सांगत आलो. असं मूल समोर आलं तर आवाज चढवू नका, डोळ्यांत बघायचा आग्रह धरू नका, आईला बाजूला काढू नका. एकच प्रश्न विचारा आणि उत्तर येईपर्यंत तोंड मिटून बसा. "केलंस का" विचारलं तर हो किंवा नाही मिळतं. "काय झालं" विचारलं तर खरं मिळतं. घाबरलेल्या माणसाचं वागणं आपल्याला विचित्र दिसतं, कारण तो कशाला घाबरलाय ते आपल्याला ऐकू येत नसतं. हे मला कुठल्या वरिष्ठाने शिकवलं नाही, त्या पोरीने शिकवलं.

पुढल्या आठवड्यात वकीलसाहेबांनी मला घरी बोलावलं. करार टेबलावर होता, साक्षीदाराची सही माझी हवी होती. शेवटचं कलम त्यांनी स्वतःच्या अक्षरात वाढवलं होतं: दुसऱ्या मजल्यावरचा कुकर चालू असताना मालकाने आपला कुकर लावू नये. आई वाचता वाचता हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मुलीने कागद ओढून घेतला, ते कलम वाचलं आणि मालकांना विचारलं, "रविवारी?"

वकीलसाहेबांनी पेन उघडलं आणि पुढे लिहिलं, "रविवार धरून." मग मी सही केली.