ठिकाण सुरक्षित आहे का, उलट टपाली कळवावे

खडूचे तुकडे आणि किस्से, मास्तरांच्या खोलीत दोन्ही टाकवत नाहीत म्हणून साठत जातात. भोकरदनच्या आमच्या शाळेतली सत्तरच्या दशकातली मंडळी आता चार दिशांना गेली. पण कुणीही दोघं भेटलो की विषय निघतो तो जोडकार्डाचाच!

जोडकार्ड म्हणजे एकाला एक चिकटलेली दोन पोस्टकार्डं. एकावर आपण लिहायचं. दुसऱ्यावर आपलाच पत्ता घालून ते कोरं सोडायचं. पलीकडच्यानं ते फाडून उत्तर लिहायचं आणि पेटीत टाकायचं.

आमच्याकडे हे खूळ आणलं खरात सरांनी. ते गणित शिकवायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत बायकोपोरांना घेऊन कुठल्या तरी थंड हवेच्या ठिकाणी जायचे, आणि जायच्या आधी तिथल्या शाळेच्या हेडमास्तरांना जोडकार्ड टाकायचे. ओळख ना पाळख! "कुटुंबासह येण्याचा विचार आहे. ठिकाण सुरक्षित आहे का, उलट टपाली कळवावे."

मी विचारलं, "हेडमास्तरच का? पोलीस पाटलाला लिहा की!"

"सर, हेडमास्तर मंजी असा माणूस, की कुणी प्रश्न विचारला अन् उत्तर दिलं न्हाई तर त्याला जेवण जात न्हाई."

आणि खरंच, दर वर्षी उत्तर यायचं. दर वर्षी खरात सर जायचे, आणि जूनमध्ये घामाच्या धारा लागलेल्या असताना स्वेटर घालून काढलेला फोटो आम्हाला दाखवायचे. मी भूगोल शिकवायचो. सातपुडा मी शिकवायचा आणि सातपुड्यावर फोटो गणितवाल्यानं काढायचा! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

* * *

जळणाऱ्या माणसाला काही तरी उद्योग लागतो. मी ठिकाणं नापास करायला लागलो.

कुणी महाबळेश्वरचं नाव काढलं की मी दरडी सांगायचो. कोकण म्हटलं की साप आणि भरती. भूगोलाचा मास्तर सांगतोय म्हटल्यावर लोक ऐकायचे. कापडाच्या दुकानाचे सुगनचंद सेठजी आमच्या शाळेच्या कमिटीवर होते. त्यांनी माउंट अबूला जायचं ठरवलं आणि मला दुकानात बसवून चहा पाजला. मी चहा पिऊन अबूची अस्वलं सांगितली.

सेठजींनी अबू रद्द केलं. पोराबाळांना घेऊन जांब समर्थला दर्शनाला गेले. वाटेत एका झाडाखाली डबे सोडले आणि वरचं मोहोळ उठलं!

आठवड्यानं भेटले तेव्हा एक डोळा अजून उघडत नव्हता. म्हणाले, "साबळे सर, अस्वलानं एवढं बिलकुल केलं नसतं."

* * *

आमच्या घरी मात्र माझी भूगोलाची पदवी चालत नव्हती. आमची शांता दर उन्हाळ्यात एकच वाक्य म्हणायची. "खरात भाऊजी जाऊन राह्यले. आपण कधी?" लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि तिनं औरंगाबादच्या पलीकडे काही पाहिलं नव्हतं. ते खरंच होतं, म्हणून जास्त लागायचं.

शेवटी मीही चिखलदऱ्याच्या एका हेडमास्तरांना जोडकार्ड टाकलं. खरात सर एक प्रश्न विचारतात काय? मी अकरा विचारले! वाघ, साप, हिवताप, घाट, पाणी, दवाखाना, सगळं बारीक अक्षरात, नंबर घालून.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. "प्र. १ : होय. प्र. २ ते ११ : नाही. कळावे."

आता माझ्याजवळ प्रश्नांची नक्कल नव्हती. कार्ड तर त्यांच्याकडे! पहिला प्रश्न 'राहायची सोय आहे का' हा होता, की 'वाघ माणसांवर येतो का' हा होता, ते काही केल्या आठवेना.

शांता म्हणाली, "मंग परत विचारा की!"

मी विचारलं नाही. दुसऱ्या मास्तराला स्वतःचा प्रश्न आठवत नाही असं कसं कळवायचं? त्या वर्षी आम्ही घरीच राहिलो. खरात सर चिखलदऱ्याला जाऊन आले.

* * *

एकदा मी खरात सरांना चिडवायला गेलो. कार्ड लिहीत बसले होते. म्हटलं, "यंदा तरी वाघाचं विचारा!"

त्यांनी मान वर केली नाही. "साबळे सर, वाघ आडनाव विचारत न्हाई."

मग कार्ड माझ्यापुढे सरकवलं. 'ठिकाण सुरक्षित आहे का' याच्या खाली नेहमीसारखीच दुसरी ओळ होती. इतकी वर्षं ती मला माहीतच नव्हती. 'आम्ही बौद्ध आहोत. उतरायच्या जागी आडनाव विचारून खोली नाकारतात का?'

"एका गावी पोरं कडेवर घेऊन तीन दारं हिंडल्तो," ते म्हणाले. "तवापास्नं आधी विचारतो."

त्यांच्या स्वेटरचा, फोटोचा, सगळ्याचा मी हेवा केला होता. त्या ओळीचा मात्र मला हेवा वाटला नाही. मी तासावर गेलो.

* * *

सुधारलो असं मात्र समजू नका. पुढच्याच उन्हाळ्यात खरात सरांनी पचमढी ठरवली, पंधरा दिवस खोली घेऊन. शांतानं हट्ट धरला, आपणही त्यांच्याबरोबर जाऊ. खरात सर पुढे आणि मी त्यांच्या मागे ट्रंक घेऊन? छे! मी सगळ्या मास्तरांसमोर पचमढी नापास केली. दऱ्या खोल, जंगल दाट, कुटुंबाला अजिबात नेण्यासारखी नाही!

आमचं टपाल शाळेच्याच पत्त्यावर यायचं. एका दुपारी हेडमास्तर मधल्या सुट्टीत एक कार्ड घेऊन आले. "साबळे, वहिनींच्या नावचं आहे. हिंदीत आहे. वाचू का?" मी हो-नाही म्हणायच्या आत त्यांनी वाचलंसुद्धा.

"प्रिय बहनजी, जगह बिलकुल सुरक्षित है। आपके पति को डर लगता हो, तो उन्हें घर पर छोड़कर बच्चों को ले आइए।"

शांतानं हिंदीच्या परीक्षा दिल्या होत्या. पचमढीच्या कुणा बाईंना तिनं स्वतःच जोडकार्ड टाकलं होतं! मास्तरांची खोली इतकी हसली की शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीशी आली. खरात सर तेवढे हसले नाहीत, आणि त्याचाही मला राग आला.

घरी येऊन मी ओरडलो, "जायचं तर जा!"

"बरं," ती म्हणाली. आणि ट्रंक काढली.

* * *

ती आणि आमची दोन पोरं, बेबी आणि दिलीप, असे तिघं खरातांबरोबर गेले. एस.टी. हलली तेव्हा तिघांपैकी कुणी रडलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

चौथ्या दिवशी मला राहवेना. पचमढी उंच उंच म्हणतात, ती आहे तरी केवढी, हे बघायला मी फळीवरचा नकाशा काढायला स्टुलावर चढलो. स्टूल दीड फुटाचं. पडलो, उजवा हात मोडला! सेठजींनी जीपमधून जालन्याला नेऊन प्लास्टर घालून आणलं. वाटेत एकदाच बोलले, "वाघ न्हाई, अस्वल न्हाई. स्टूल?"

दोन दिवसांनी सेठजी डबा घेऊन आले, आणि बरोबर माझं टपाल. शांताचं जोडकार्ड!

"आम्ही सुखरूप. बेबी धबधब्याखाली भिजली. दिलीप घोड्यावर बसला, भाऊजींनी लगाम धरला. फोटो काढला. मला स्वेटर खरातवहिनींनी दिला. अजून बारा दिवस आहेत. तिकडे एकट्या माणसाला राहणे सुरक्षित आहे का, उलट टपाली कळवावे."

मी ते तीनदा वाचलं. लगाम भाऊजींनी धरला!

सेठजींनी कोरं कार्ड फाडून घेतलं, पेन काढलं. "सांगा सर, मी लिहितो. तुमचं डाव्या हाताचं अक्षर पाहून वहिनी घाबरतीन, सगळं टाकून पळत येतीन."

"न्हाई सेठजी," मी म्हणालो, "आणा इकडं. मीच लिहितो."

आणि डाव्या हातानं लिहिलं, "इकडे सर्व सुरक्षित आहे. मुळीच काळजी करू नये. आरामात फिरून यावे."