खरवईची कोल्ही आणि पपईमामा

बंदूक हातात घेण्याआधी पपई विकत घेणारा माणूस मी एकच पाहिला. पपई फार पिकलेली नको, फार हिरवीही नको. अंगठ्याने दाबली तर जराशी दबेल अशी हवी. तेवढ्यासाठी मामा बदलापूरचा सगळा बाजार पालथा घालायचे. त्यामुळे आमच्या वनखात्याच्या कचेरीत त्यांना कोणी नावाने हाक मारत नसे. ते सगळ्यांचे पपईमामा.

मामा वनरक्षक होते, आणि अडकलेल्या जनावराला भूल द्यायची बंदूक तेच चालवायचे. या बंदुकीतून गोळी नाही, औषध भरलेली सुई सुटते. ती वायूच्या दाबावर जाते आणि तो दाब माणसाने ठरवायचा असतो. मामा ओल्या गोणपाटात पपई बांधून झाडाला टांगायचे आणि साधं पाणी भरलेली सुई तिच्यावर मारायचे. सुई रुतून राहिली तर दाब बरोबर. पपई चिरली तर दाब कमी करायचा आणि पुन्हा मारायची. "पपई फाटली तर जनावर फाटलं," असं म्हणून ते ती चिरलेली पपई आम्हालाच खायला घालत.

मी तिथे प्राण्यांची डॉक्टर म्हणून नवीन लागले होते. औषधाचं प्रमाण मी काढायचं, सुई मामांनी निवडायची, अशी वाटणी होती. एकदा मी घाईने म्हटलं, "मामा, कुठलीही लावा ना, औषध आत गेल्याशी कारण." त्यांनी माझ्या मनगटावरचं कातडं हलकेच चिमटीत धरलं. "डॉक्टरबाय, बिबट्याचं कातडं येगलं, कोल्ह्याचं येगलं. कातडं त्याचं हाय. आपुन जपून आत जायाचं."

हे त्यांना शिकवायला एका कोल्ह्याचा जीव गेला होता. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी बिबट्यासाठीची जड सुई कोल्ह्यावर चालवली. मांडीचं हाड मोडलं आणि तिसऱ्या दिवशी कोल्हा मेला. मामा हे कुणापासून लपवत नसत. नवीन माणूस आला की आधी हीच गोष्ट सांगत, तीही उभ्याने.

पुढे त्यांनी उल्हासनगरात एक लेथवाला शोधला. सिंधी गृहस्थ, लहानसं वर्कशॉप. मामा त्याच्याकडून सुईची नळी कातून घेत आणि वजनकाट्यावर ठेवून परत देत. "साईं, और हलका." चौथ्यांदा नळी परत आली तेव्हा तो वैतागला. "मामा, इससे हलका तो मच्छर होता है!" मामा खूश झाले. "बस, मच्छरच पायजेल."

मग एका उन्हाळ्यात खरवईहून फोन आला. नव्या इमारतींच्या मागच्या माळावर एक कोल्ही डोकं प्लास्टिकच्या बरणीत अडकवून फिरत होती. तीन दिवस झाले होते. बरणी आतून धुरकट झालेली, तिच्या श्वासाची वाफ साचलेली. तिला पाणी पिता येत नव्हतं, आणि ती लेकुरवाळी होती हे तिच्या भरलेल्या आचळांकडे पाहून कळत होतं. आम्ही जाळी घेऊन दोनदा प्रयत्न केला. पाऊल वाजलं की ती आंधळ्यासारखी पळे आणि दगडांवर आपटे.

तिथे एक शेठ आले. त्यांच्या शेळ्या माळावर चरायच्या आणि त्यांच्याकडे परवान्याची बंदूक होती. "पिसाळलेली आहे ती," ते म्हणाले. "तुमच्या वनखात्याच्या साहेबांना विचारा, मी एका गोळीत मोकळी करतो." बघायला जमलेल्या बऱ्याच जणांना ते पटलं. मामा त्यांना म्हणाले, "शेठ, संध्याकाळपातूर थांबा. माझ्याच्यानं नाय झालं तर साहेबांशी तुम्ही बोला." तीन दिवसांची तहानलेली कोल्ही. भूल थोडी जास्त झाली तरी उठणार नव्हती. मी प्रमाण तीनदा काढलं.

मामांनी सगळ्यांत हलकी नळी घेतली, आखूड सुई, टोकाला काटा नसलेली. काटा असला की सुई निघताना मांस ओढते. पपईवर दोन वार झाले. पहिल्यात साल चिरली, दुसऱ्यात सुई नुसती टोचून राहिली. मग ते चपला काढून अनवाणी एका अर्धवट भिंतीआड जाऊन बसले. तासभर बसले. कोल्ही सावली शोधत आपणहून पंधरा पावलांवर आली, थकून मामांकडे कूस करून उभी राहिली, आणि फक्कन आवाज झाला.

ती दचकली, चार पावलं गेली, बसली. दहा मिनिटांत मान खाली आली. मी धावले. डोळ्यांवर फडकं, कातडीखाली सलाइन, आणि मामांनी कात्रीने बरणी कापायला घेतली. बरणी सुटली तेव्हा तिने जो लांब श्वास घेतला, तो गर्दीतल्या मागच्या माणसालाही ऐकू गेला असेल.

शेठ वाकून बघत होते. "लागली कुठे? दाखवा की."

"तुम्हीच शोधा," मामा म्हणाले.

शेठनी मांडीवरचे केस बाजूला सारून पाहिले, एकदा, दोनदा. त्यांना भोक सापडलं नाही. शेवटी मामांनी बोट ठेवलं तिथे मोहरीएवढा लाल ठिपका होता. शेठनी गड्याला पाठवून पाण्याचं घमेलं मागवलं. उजेड असतानाच कोल्ही उठली, घमेल्यातलं पाणी लपालपा प्यायली आणि झुडपांकडे निघाली. झुडपातून बारीक कुईकुई ऐकू आली आणि अख्ख्या माळाने टाळ्या वाजवल्या. मामा चपला शोधत होते.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले आणि बंदूक माझ्याकडे आली. महिन्याभरात अंबरनाथला एका बंद कारखान्याच्या आवारात भेकर अडकल्याची खबर आली. भेकर म्हणजे लहानसं हरीण, कातडं पातळ. मी दाबाचा काटा पुन्हापुन्हा फिरवला, तरी ठरेना. मी मामांना फोन लावला. "मामा, दाब किती ठेवू?"

"जनावर तू बघितलंस का मी?"

"मी."

"मग मला काय इचारतेस?" त्यांनी फोन ठेवून दिला.

मला इतका राग आला की भीतीच विसरले. मी भेकराकडे पुन्हा पाहिलं, नळी निवडली, दाब ठरवला, नेम धरला आणि सुई सोडली. भुलीवरचा उतारा दिल्यावर ते डुलत उभं राहिलं आणि उघडून ठेवलेल्या फाटकातून डोंगराकडे सुसाट सुटलं. मी तिथेच मातीत बसून फोन केला.

मामांनी एकच विचारलं, "चालत गेलं?"

"पळत गेलं, मामा."

फोन तसाच हातात धरून ते घरातल्यांना ओरडून सांगत होते, "ऐकलंत काय गो? पळत गेलं! आमच्या डॉक्टरबायचं पळत गेलं!"