दूध न घालणारी नागूबाई

आमच्या दारी रोज सकाळी दूध घेऊन येणारी नागूबाई स्वतः मात्र कोरा चहा प्यायची. डोक्यावरची हंडी ओट्यावर उतरवायची, चुंबळ बाजूला ठेवायची, पदराने मान पुसायची आणि आत हाक मारायची, "वयनी, कोरा टाक गो. दूध नको घालूस." दूध तिचंच, तिनेच आत्ता मापून दिलेलं, आणि चहात थेंब चालायचा नाही! माझ्या सासूबाईंना सगळं घर आक्का म्हणायचं. आक्का हसायच्या, "काय चिक्कू बाई आहे! स्वतःच्या म्हशीचं दूध प्यायचं जिवावर येतं हिच्या." नागूबाई नुसते दात काढायची. "इकायचा दूध हाय, आक्का. मीच प्याली तर इकू काय?"

छप्पन-सत्तावन्न सालचं पनवेल ते. नागूबाई गाढी नदीपलीकडच्या एका गावातली आगरी बाई. नवरा मिठागरात कामाला आणि घरी तीन म्हशी. दुधात पाणी घालणारे पुष्कळ होते, पण हिच्या दुधाबद्दल गल्लीत कुणी ब्र काढला नव्हता. कुणी घासाघीस केली की ती सरळ हंडी उचलायची. "नको तर नको. माजी म्हस काय तुमच्यावर रुसनार नाय."

माझी कुंदा तेव्हा दीड वर्षाची होती. नाक कायम वाहतं, छातीत घरघर, कानातून पू, आणि पोट तर विचारूच नका. दर पंधरा दिवसांनी आमची वरात दवाखान्यात. डॉक्टर भले गृहस्थ, पण त्यांचं उत्तर ठरलेलं, "अशक्त आहे पोर. दूध वाढवा. दूध म्हणजे पूर्णान्न." की आम्ही वाढवलं. पावशेराचा अर्धा शेर झाला. पोर आजारी पडली की दूध वाढायचं, दूध वाढलं की पोर पुन्हा आजारी पडायची, आणि हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात येईना. पेला बघितला की कुंदा तोंड फिरवायची. मग मी, कधी नागूबाईच्या देखतसुद्धा, तिचं नाक दाबून पाजायची. आज आठवलं की माझ्याच हातांचा राग येतो मला.

त्या वर्षी नागूबाईच्या लेकीचं बाळंतपण निघालं. लेक गव्हाण गावात दिलेली. नागूबाई दहा दिवस तिकडे गेली. आक्कांनी दुसऱ्या कुणाचं दूध घरात घेऊ दिलं नाही. "त्या पाणचट दुधापेक्षा नसलेलं बरं. दहा दिवसांनी काय होतंय!" मग कुंदाला तांदळाची पेज, नाचणीची लापशी, मुगाचं कढण, कधी मांदेली माशाचं सार भातात कालवून. आणि काय सांगू, पोरीचं नाक कोरडं झालं! कान वाहायचा थांबला. अंगणात दुडुदुडु पळायला लागली. आक्का म्हणाल्या, "हवा बदलली." मीही म्हटलं, "हो, हवा बदलली."

नागूबाई परत आली तेव्हा कुंदा ओट्यावर उड्या मारत होती. नागूबाईने तिच्या गालाला हात लावला, दूध घातलं आणि कोरा चहा पिऊन गेली. चौथ्या दिवशी नाक सुरू, पाचव्या दिवशी कान. सहाव्या दिवशी नागूबाई आली, हंडी उतरवली, पण मापाला हात लावला नाही. नुसती कुंदाकडे बघत राहिली.

"वयनी, मी नवती तवा ही बरी व्हती ना?"

"होती."

"मंग आजपास्नं या घरात दूध नाय घालनार मी."

आक्का आतून तरातरा बाहेर आल्या. "म्हणजे काय? तुझ्या दुधात काही खोट आहे का?"

"माज्या दुधात खोट नाय. पन या पोरीला सोसत नाय तो."

"मग आमच्यापुरतं घाल."

"तुमच्यापुरता घातला का तुमी तिलाच पाजाल. वळकते मी तुमाला, आक्का." आणि हंडी डोक्यावर घेऊन निघालीसुद्धा! जाता जाता वळून म्हणाली, "गिऱ्हाईक गेला तर जाऊ दे. पोर जाता कामा नाय."

आक्कांचा अपमान झाला. दूधवालीने दूध नाकारायचं म्हणजे काय! त्यांनी गल्लीभर सांगितलं की नागूबाईच्या दुधात काहीतरी बिघाड आहे, तिनेच कबूल केलं. तीन घरांनी तिचं दूध बंद केलं. ती रोज आमच्या दारावरून मान ताठ ठेवून जायची. आमच्याकडे दुसरा दूधवाला लागला आणि कुंदाचा पेला चालूच राहिला. मी मधल्या मध्ये. सून होते ना! पण एका सकाळी पोर कान धरून रडत होती आणि आक्का हळद घातलेलं दूध घेऊन आल्या. माझं टाळकंच सरकलं. मी तो पेला घेतला आणि मोरीत उलटा केला.

"आक्का, हिला दूध मिळणार नाही. मी सांगते म्हणून नाही मिळणार."

"लेकरू उपाशी मारणार आहेस का?"

"आई आहे मी तिची."

हे वर्तमानपत्रामागे होते. तिथेच राहिले, नेहमीप्रमाणे. शेवटी ठरलं की डॉक्टर सांगतील ते करायचं.

मी कुंदाला कडेवर घेऊन दवाखान्यात पोचले तर नागूबाई रिकामी हंडी घेऊन पायरीवर बसलेली. कुणी सांगितलं तिला, देव जाणे. माझ्याबरोबर आत घुसली आणि मी तोंड उघडायच्या आधी तिनेच सगळं सांगून टाकलं. डॉक्टर हसायला लागले. "अहो बाई, आता दूधवालीने डॉक्टरकी शिकवायची का आम्हाला?"

"शिकवत नाय, सायेब. इचारते. रेडकू जास्ती प्याला का हगतो. मंग आमी त्याला सडापास्नं वढून बांधतो. आनखी पाज असा कोन बोलत नाय. तुमी या पोरीला आनखी पाज बोलता."

"माणसाचं मूल आणि रेडकू सारखं असतं का?"

"नाय ना! रेडकाला तर त्याच्या आयचा दूध असतो, तरी सोसत नाय. हिला तर म्हशीचा."

डॉक्टरांचं हसू थांबलं. त्यांनी कुंदाचा दंड चाचपून पाहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पंधरा दिवस बंद करा. बाकी पोटभर घाला. पण वजन घटलं तर माझं ऐकायचं."

"मंजूर," नागूबाईच म्हणाली.

त्या पंधरा दिवसांत मी रोज सकाळी पोरीला उचलून वजनाचा अंदाज घ्यायची. पोर वाळली असती तर घराने मला उभ्या जन्मात माफ केलं नसतं, आणि नागूबाईला पनवेलात तोंड दाखवायला जागा उरली नसती. सोळाव्या दिवशी डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून पाहिलं. छाती तपासली. काट्यावर ठेवलं, उतरवलं, पुन्हा ठेवलं. वजन वाढलं होतं. "नका देऊ," एवढंच म्हणाले. पुढे शेजारणीने सांगितलं, असं कायम शेंबडं, घरघरणारं मूल आलं की डॉक्टर आधी विचारतात, "दूध किती पाजता?" सगळ्यांचं बंद करत नसत, पण विचारत जरूर.

आक्कांनी चूक शेवटपर्यंत कबूल केली नाही. पण दुसऱ्या दिवशी नागूबाई दारावरून जाताना त्यांनी तिला हाक मारली, आणि कोरा चहा स्वतः करून बाहेर आणला. मोठ्यांसाठी दूध पुन्हा सुरू झालं. सोडलेल्या तीन घरांपैकी दोन परत आली. तिसरं कधीच आलं नाही. "त्यांचा नशीब पाणचट," नागूबाई म्हणायची.

कुंदा दहा वर्षांची झाली तोवर नागूबाई थकली. मग येईनाशी झाली. तिने अंथरूण धरलं असं कळलं तेव्हा मी कुंदाला घेऊन तिच्या गावी गेले. पार हाडं राहिली होती. तिची सून पेला घेऊन उशाशी बसली होती, "काय खात नाय, निदान दूध तरी घ्या," म्हणून विनवत होती. मीही तेच म्हणाले, "घे गं थोडं. अंगात ताकद येईल." पनवेलच्या डॉक्टरांसारखं!

नागूबाईने पेला बाजूला सारला. माझ्याकडे बघून हसली.

"मना पन नाय सोसत गो. लानपनापास्नं. आयनं नाक दाबून दाबून पाजला, आनी मी वकायची."

मी विचारलं, "अगं मग तेव्हाच का नाही सांगितलंस? आक्कांना, डॉक्टरांना?"

"सोताच दूध पीत नाय, तिच्याकडनं कोन घेल? तीन म्हशी कशा जगवनार?" धाप लागली तशी थांबली. मग म्हणाली, "हिचं नाक दाबलंस ना तू, मना बघवला नाय."

तिने सुनेला पेला न्यायची खूण केली. सून हिरमुसून उठली. कुंदाही तिच्या मागोमाग चुलीशी गेली, आणि आतून तिचा आवाज आला, "मावशी, आजीला दूध नको देऊ. कोरा चहा टाक."